सव्वा मणाचा हिरामण

हिरामण मरणार, हे गावाने एकमताने ठरवून टाकले होते. मतभेद उरला होता तो केवळ तिथीविषयी. नरड्यात कर्करोगाची गाठ, मुंबईच्या इस्पितळात विजेचा शेक, आणि आता पंधरा दिवसांची सुटी, तीही एकोणीसशे छप्पनच्या रखरखत्या वैशाखात. एवढे पुरावे हाती असताना माणसाने जगण्याचा हट्ट धरावा, हा गावाच्या मते शुद्ध अडेलतट्टूपणा होता.

डॉक्टरांचे म्हणणे मात्र वेगळे होते. घोटघोट पाणी प्यायचे, मऊ पण पोटभर जेवायचे, मानेला ऊन लागू द्यायचे नाही आणि सकाळ-संध्याकाळ चालायचे. वजन ठरावीक पौंडांखाली उतरले तर पुढचा शेक मिळणार नव्हता. आणि शेक थांबला तरी गाठ काही थांबणार नव्हती. मिठागरावर गोणी तोलणाऱ्या धर्माजीने ते पौंड मिठाच्या मापात बसवून दिले : सव्वा मण, म्हणजे पन्नास शेर.

थोरली बहीण आवडाबाई पेणहून आली, ती रडण्याच्या पूर्ण तयारीनिशी. वारा बाधतो म्हणून तिने खिडक्या लावल्या. आजाऱ्याला घालतात म्हणून गोधडी घातली. आणि पथ्य म्हणून अळणी पेज सुरू केली. तीस वर्षे ज्याने मीठ पिकवले, त्याच्या तोंडी मिठाचा खडा नाही!

"बाय, मी आजारी हाय, तुरुंगात न्हाय," हिरामण घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"बोलू नको. दम जपून ठेव."

"कशाला?"

आवडाबाई रडली; तयारी होतीच.

पाचव्या दिवशी उजाडता उजाडता हिरामण मागल्या दाराने निसटला आणि थेट धर्माजीच्या काट्यावर जाऊन बसला.

"दोन शेर कमी," धर्माजी म्हणाला. "गोण असतास तर परत धाडली असती."

काट्याशी वाद घालता येत नाही, ही हिरामणासारख्या वादप्रिय माणसाची मोठीच कुचंबणा होती. तो बांधावर बसून विचार करू लागला. मिठागरात भर दुपारी राबतो कोण? उजाडण्याआधी कामाला लागायचे, ऊन चढले की झावळ्यांनी शाकारलेल्या झापाच्या सावलीत आडवे व्हायचे, कलले की पुन्हा उतरायचे. म्हणजे डॉक्टरांनी एवढ्या थाटात सांगितले, ते त्याच्या बापजाद्यांचेच वेळापत्रक होते. बंदिस्त उकाड्यात सुकत पडणे हे मिठाचे काम, माणसाचे नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा मिठागराच्या वेळा पाळू लागला. हातात छत्री, डोक्यावर ओला पंचा, मानेला घासू नये असा बिनकॉलरचा सैल सदरा. दोन फेऱ्या, विसावा, पाण्याचे दोन घोट, पुन्हा फेरी. ऊन तापले की झापात. नणंदेपुढे आजवर मूग गिळून बसलेली त्याची बायको सखुबाई तिथे गुपचूप मऊ भात, खाडीच्या चिखलातल्या निवटे माशांचे बिनतिखट कालवण आणि ताडगोळे पोचवू लागली.

चार दिवसांनी आवडाबाईने झापात चोरी पकडली. येताना साक्षीला तिघी बायका आणल्या.

"लाज वाटते का रे? मरणाच्या दारात हायस नि फिरायला जातोस?"

"दारातच हाय ना? मग जरा अंगणात फिरतो."

"वन्सं," सखुबाई प्रथमच मोठ्याने बोलली, "तुमच्या पेजेनं दोन शेर गेले. माझ्या कालवणानं एक परत आला. धर्माजीभावजींना विचारा."

शेजारच्या काट्यावरून धर्माजीने मान डोलावली. साक्षीदार बायका तत्काळ पक्ष बदलून मोकळ्या झाल्या. आवडाबाई खाली बसली आणि पदराने कपाळ पुसत म्हणाली, "कालवणात मीठ किती घालतेस गं?"

त्या दिवसापासून घरच्या खिडक्या उघडल्या.

निघण्याच्या सकाळी अखेरचा तोल झाला. "सव्वा मण आणि वर पाव शेर!" धर्माजी ओरडला, मग संशयाने हिरामणाची कंबर चाचपू लागला. सदऱ्याखाली मिठाची गच्च पुरचुंडी होती.

"दिष्ट लागू नये म्हणून मी बांधली," आवडाबाई पुटपुटली.

"एवढी?"

"अख्खा गाव टपलाय त्याच्यावर."

पुरचुंडी सुटली. दांडी एकदा डुलली, दोनदा डुलली. मग थांबली.

"सव्वा मण," धर्माजी म्हणाला. "तीळभर इकडे न्हाय, तिकडे न्हाय."

हिरामण उतरून लाँचच्या वाटेला लागला. आवडाबाईने पुरचुंडी उचलून त्याच्यासोबत निघालेल्या सखुबाईच्या हाती कोंबली.

"वाटेत त्याच्या डब्यातल्या भातावर चिमूट चिमूट घाल, म्हणजे पोटभर जेवेल," ती म्हणाली. "मुंबईचा काटा आपल्यातला न्हाय."