टेबलाखालचं गाव

मांडवात मुलगी बघू नये आणि जुलैत गाव बघू नये, असं गिस्लेनबाईंचं मत. गाडीत मागच्या सीटवर नातीचं दुपटं घडी करता करता त्या सकाळपासून तेच ऐकवत होत्या.

"आई, म्हणून तर जानेवारीत आलोय ना!" लोइक म्हणाला.

शेजारी त्याची बायको माएल बसली होती. सासूचं मत पहिल्यांदाच तिच्या मतासारखं निघालं होतं, आणि ते कबूल करायला जड जात होतं.

ऑब्रियाक गावची बेकरी दोन वर्षं बंद होती. भट्टी शाबूत होती आणि वर राहायला दोन खोल्या. ती चालवायला घेणार का, हो की नाही ते सरपंचबाईंना उद्या कळवायचं होतं. उन्हाळ्यात दोघं आली तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नव्हती, खिडक्याखिडक्यांतून फुलं सांडत होती. लोइकने तेव्हाच मनातल्या मनात दुकान मांडलं. माएलला मात्र एकच धास्ती होती. लोइक रात्री कणीक मळणार, दिवसा झोपणार. दुकानात ती आणि कडेवर झेली, सात महिन्यांची. सप्टेंबरात सुट्टीवर आलेले पाहुणे गेले की दिवसभर बोलायचं कुणाशी? भिंतींशी?

ताडून बघायला म्हणून वाटेत आणखी दोन गावं पाहिली. पहिल्यात कुत्रंसुद्धा आडवं आलं नाही. दुसऱ्यात चौकात पाव देणारं यंत्र उभं होतं. लोइकने त्यातून एक पाव काढला, दोन बोटांनी दाबला, नाक मुरडून त्याच्याकडे पाहिलं आणि तो आईच्या हातात दिला.

ऑब्रियाकला पोचेपर्यंत दोन वाजून गेले. म्हणजे जेवण गेलंच. दोननंतर या मुलखात पोप आला तरी कुणी तवा चढवत नाही. हॉटेलच्या दारावर 'ईस्टरला भेटू' अशी पाटी. झडपा बंद, फुलांच्या कुंड्यांत नुसती माती, आणि नदीवरून उठलेलं धुकं चौकात बैठक मारून बसलेलं. झेलीने भोकाड पसरलं.

"घ्या," गिस्लेनबाई म्हणाल्या. "तिनं उत्तर दिलं."

कोपऱ्यावरच्या कॅफेत तेवढा दिवा होता. माएलने झेलीला घेऊन दार ढकललं, मागून लोइक आणि गिस्लेनबाई आत शिरले. आत एका लांब टेबलाभोवती गावातली म्हातारी माणसं बसली होती, आणि टेबलाखालून कुणीतरी कण्हत होतं.

"किचन बंद झालंय, मादाम," मालकीण ओदेत म्हणाली.

"मला फक्त बाटली कोमट करून हवीय."

"मग आधी दार लावा. गास्तों, बाहेर ये! तुझी सुटका झाली. लहान माणूस आलं!"

टेबलाखालून सत्तरीचा एक गृहस्थ गुडघे धरत निघाला. टेबलावर मधोमध गालेत ठेवली होती, बदामाचं सारण भरून भट्टीत भाजलेली गोल, पापुद्र्याची पोळी. जानेवारीत ती कापताना सगळ्यांत लहान माणसाने टेबलाखाली जायचं आणि कुठला तुकडा कुणाचा ते न बघता सांगायचं. आत कुठंतरी चिनी मातीचं, बोटाच्या पेराएवढं बाहुलं असतं आणि ते ज्याला येईल तो त्या दिवसाचा राजा, म्हणून ही खबरदारी.

"आमच्यात लहान हाच," ओदेत म्हणाली. "आठ वर्षं झाली, दर जानेवारीला तोच खाली जातो. उठवायला मात्र दोघं लागतात."

"पण हिला बोलता कुठं येतं?"

"गास्तोंलाही नीट येत नाही. जा पोरी, घेऊन जा तिला."

माएल झेलीला पोटाशी धरून टेबलाखाली शिरली. खाली ऊब होती, ओल्या कुत्र्याचा वास होता आणि पायच पाय होते. बहुतेक पायांत घरातल्या सपाता होत्या. थंडीत चौक ओलांडून ही माणसं सपातांवर आली होती, जशी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावीत. एका पायातला मोजा रफू केलेला होता, आणि शेजारच्या पायाने त्याला हळूच ढोसलं.

"हा कुणाचा?" वरून ओदेत ओरडली.

झेली रडायची थांबली. तिने त्या मोज्याकडे डोळे मोठे करून पाहिलं आणि म्हणाली, "ब्बा."

"बेर्तचा!" वर एकच गलका झाला.

"लाच दिलीय या बेर्तबाईनं पोरीला!" गास्तों म्हणाला.

प्रत्येक तुकड्याला झेलीने काही ना काही आवाज काढला, आणि प्रत्येक आवाजावर वर भांडण झालं. एक तुकडा नेहमीप्रमाणे अवचित येणाऱ्यासाठी राखलेला होता. माएल वर आली तशी तो कापून तिघा पाहुण्यांना वाटला. गालेत दूरच्या मोठ्या दुकानातून आणलेली. लोइकने घास चावला आणि सकाळच्या पावाकडे पाहिलं होतं तसं उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं.

माएलच्या दाताला काहीतरी टणक लागलं.

"कुणाला आलं?" ओदेतने विचारलं. सगळे एकमेकांच्या गालांकडे बघू लागले. "लपवू नका हं! ज्याला आलं त्याने पुढच्या रविवारची गालेत आणायची."

"गेल्या खेपेला तूच गालात धरून बसली होतीस," गास्तों म्हणाला.

बाहुलं माएलच्या गालात होतं. गिळल्यासारखं करायचं, बाटलीबद्दल आभार मानायचे आणि गाडीत बसायचं, एवढं सोपं होतं. समोर झेली बेर्तच्या मांडीवर दूध ओढत होती. कुणाची तरी शाल तिच्या पायांवर आली होती, आणि ती कुणी टाकली ते माएलने पाहिलंच नव्हतं.

तिने बाहुलं काढून बशीत ठेवलं. कोंबडी होती, शेपटी तुटलेली.

"अरे वा, राणी!" गास्तोंने कागदी मुकुट तिच्या डोक्यावर दाबला. "पण बाई, गालेत आणणार कुठून?"

"इथूनच," माएल म्हणाली, आणि लोइककडे वळली. "रविवारपर्यंत तापेल ना रे भट्टी?"

लोइकच्या तोंडात घास होता. त्याने जोरजोरात मान डोलावली.

गिस्लेनबाईंनी बशीतला चुरा बोटाने गोळा केला. "आधी धुराडं साफ करा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांत पाखरांनी संसार थाटले असतील."