जित्या माणसाची खाट

मित्रांनो, मी खाट आहे. चांगली जुनी, बाभळीची. लकडगंजच्या आरामशीनवर माझी लाकडं कापली गेली आणि महादेवरावांनी अंबाडीच्या दोरीने मला विणलं. ते कोष्टी. घरचा माग बंद पडला, पण सूत विणायची सवय असलेले हात रिकामे राहीनात, म्हणून ते माझ्याकडे वळले. वापरात दोरी सैल पडते, हा माझा जन्माचा दोष. रोज निजण्याआधी महादेवराव माझ्या पायथ्याला पाय टेकवून ती ओढत. माझ्यावर बसणाऱ्याने आधी दोरी ओढावी, ही आमच्या घरची रीत.

माणसांचा हिशेब मी त्यांच्या बसण्यावरून ठेवते. ज्याला काही मागायचं असतं, तो काठावर टेकतो. ज्याला निघायची घाई, तो अर्धा भार पायावरच ठेवतो. महादेवराव मधोमध बसायचे. त्यांना मागायचं काही नव्हतं आणि जायचंही कुठे नव्हतं.

शहराच्या कडेला, बेसाच्या पुढे, आपल्या जमिनीच्या छोट्या तुकड्यावर त्यांची झोपडी होती. शेजारी बोडी, म्हणजे गावाचं लहानसं तळं. मडकं, तवा, दोन धोतरं आणि मी, एवढाच संसार. उन्हाळा मोहाखाली काढायचा, बोडीच्या पाण्यावर वांगी लावायची, जास्तीची येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओटीत घालायची. मुलगा बेसातल्या फ्लॅटमध्ये राहतो. सून ऋतुजा रविवारी डबा घेऊन यायची, दोरी न ओढताच काठावर टेकायची आणि तोच विषय काढायची.

"मामाजी, घरी खोली रिकामी पडून राहिली. लोक आम्हालेच नावं ठेवते."

"झोपाले मानसाले एक खाट लागते, बाई," ते म्हणायचे. "ते हाय न माह्याजवळ."

मग एका सरकारी आदेशात बोडी कोरडी जमीन झाली. पाण्याला मात्र कोणी कळवलं नव्हतं. गावाने हरकत घेतली, तर हरकतीची मुदत संपली असं उत्तर मिळालं. मुदत होती, हेच गावाला तेव्हा कळलं. बोडी बुजवायला मशीन आली, त्या सकाळी महादेवरावांनी मला पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, मशीनच्या वाटेत आडवी टाकली आणि मधोमध बसले.

बुजवण्याच्या कामावरचे साहेब आले, सोबत पोलीस. महादेवरावांनी उठून त्यांना माझ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः जमिनीवर बसले. पाहुण्याला खाट द्यायचीच. साहेब काठावर टेकले. मी ओळखलं, यांना काही मागायचं आहे.

पुन्हा बोडीवर येणार नाही, एवढं लिहून द्या आणि घरी जा, असं त्यांचं म्हणणं होतं.

"तसं लिहून देलं, तं इथं बसनं गुन्हा होता असं मीच म्हनल्यासारखं होते," महादेवराव म्हणाले. "तुम्हाले न्यायचं असन तं न्या. मी भांडत नाही."

ते शांतपणे गाडीत बसले. मी रिकामी झाले.

साहेबांनी मशीनच्या ड्रायव्हरला, हेमराजला, मला ढकलून द्यायला सांगितलं. मशीनने ढकललं तर मी उलटणार, हे उघड होतं. आमच्याकडे माणूस खांद्यावर गेला, की मगच त्याची खाट उलटी करतात. हेमराजने मशीन बंद केली. कामावरून काढीन, असं साहेबांनी बजावलं.

"मानूस जिता हाय साहेब," तो म्हणाला. "जित्या मानसाची खाट मी नाही उलटवत."

त्याने चावी माझ्यावर ठेवली आणि पायी निघून गेला. तो माझ्यावर कधी बसला नाही. पण त्या चावीत मला त्याचं वजन कळलं.

साहेबांनी चावी उचलली. उद्या दुसरा ड्रायव्हर आणतो, म्हणून गेले.

संध्याकाळी ऋतुजा पोलीस ठाण्यातून थेट पाळीवर आली. सासऱ्यांनी लिहून द्यावं म्हणून ती त्यांची समजूत घालायला गेली होती. रडलीही होती. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "खाटीची दोरी ओढली का वं कोनी?"

तिने पदर खोचला, पायथ्याला पाय टेकवला आणि दोरी ओढली. सवय नव्हती, हात सोलले. मी ताठ झाले. मग ती बसली. काठावर नाही.

मित्रांनो, उद्या दुसरा ड्रायव्हर येईल. तो काय करेल, मला ठाऊक नाही. पण तुमच्या गावच्या पाण्याकाठी अशी एखादी रिकामी खाट दिसली, तर तिला अडगळ समजून बाजूला सारू नका. पायथ्याची दोरी ओढा, आणि मधोमध बसा.