मास्तरांचा वेगळा माठ

आमचे मास्तर बादली उचलायला वाकले की माझा जीव टांगणीला लागतो. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय त्यांची, साडेपाच सेंटीमीटर. संभाजीनगरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, "फुटली तर दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळायचा न्हाई. ऑपरेशन करून घ्या." पण तातेराव मास्तर ऐकतील तर शप्पथ! शाळेत तीस वर्षं पोरांना दरडावलं, अन् स्वतःचं पोट फाडणार म्हटल्यावर हातपाय गळाले.

त्यात आमची लेक साक्षी. संभाजीनगरला औषधांच्या कॉलेजात संशोधन करते पोरगी. एक दिवस फोनवर हरखून म्हणाली, "पप्पा, तुमच्यासारखाच आजार असलेल्या उंदरांना आम्ही हायड्रोजन विरघळलेलं पाणी पाजलं. त्यांचा फुगवटा कमी वाढला!" झालं! मास्तरांनी ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली अन् हायड्रोजनची बाटली मागवली. बटन दाबलं की पाण्यात बुडबुडे. जुन्या जालन्यात गल्लीभर सांगत फिरले, "आपल्या लेकीचा शोध हाय."

आशा मलाबी होती, खोटं कशाला बोलू? आमच्याकडं नळ येतो आठ-दहा दिवसांतून एकदा. त्या दिवशी सगळी कामं टाकून मी बाटलीवर बाटली बनवायची, वेगळ्या माठात ओतायची, वरून ओलं फडकं. पाव्हण्यालाबी त्यातला घोट दिला न्हाई. असे चार महिने काढले. दुपारी ते झोपले की मी हळूच त्यांच्या पोटावर हात ठेवायची. आतली धडधड हाताला लागली की मी हात काढून घ्यायची.

परवा सोनोग्राफी केली. फुगवटा पावणेसहा सेंटीमीटरवर गेलेला.

साक्षी धावत आली. तहानलेली, थेट माठाकडं गेली. मी ओरडले, "त्याला हात लावू नको! पप्पांचं हायड्रोजनचं पाणी हाय ते."

तिनं फडकं उचललं. "आई, कधी भरलंय हे?"

"मागच्या नळाला. सहा दिवस झाले."

तिनं फडकं परत माठावर टाकलं. "अगं, हायड्रोजन उडून जातो गं. तासा-दोन तासांत. हे साधं पाणी हाय."

चार महिने मी साधं पाणी जपत बसले होते! रडूच कोसळलं मला.

मास्तर मात्र एकदम खूश. "मंग औषध हरलं कुठं? मी घेतलंच न्हाई! आजपासून ताजं पितो. अजून चार महिने बघू."

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्या माणसाला काय म्हणावं!

साक्षी त्यांच्यासमोर बसली. "पप्पा, फुगवटा कमी वाढला हे आम्हाला कसं कळतं, ठाऊक हाय?"

"मशीन असंल."

"प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी एकेक उंदीर मारतो आम्ही. पोट उघडतो, नस काढून मोजतो. गुण आलेल्यालाबी सोडत न्हाई." "तुमचं पोट उघडून परत शिवणार हायेत, पप्पा. आमच्या उंदरांचं कोणी शिवत न्हाई."

मास्तरांनी लेकीच्या हातांकडं बघितलं. मंग उठले, माठातलं पाणी ग्लासात घेतलं अन् तिच्यापुढं धरलं.

"पी. साधंच हाय." मंग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कौसल्या, पिशवी भर. संभाजीनगरची सकाळची पहिली गाडी कितीची हाय?"