हव्वाबीच्या डेगीतला हरिसा

हव्वाबीच्या चाळिसाव्याला बिर्याणी नाही हे कळल्यावर अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या सगळ्या रत्नागिरीकरांची तोंडं वाकडी झाली. मेहुणी मरियमबीने फोनवर विचारलं, माझ्या बहिणीची पाठवणी लापशीवर करणार का? हव्वाबीच्या नवऱ्याने, मुश्ताकने, फोन सरळ लेकीच्या हातात दिला. फिझा म्हणाली, "खाला, इट्स नॉट लापशी. इट्स हरिसा." पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं.

केटररला सांगणं अशक्यच होतं. हव्वाबीने जन्मभर केटररच्या बिर्याणीला पिवळा भात म्हणून हिणवलं होतं; तोच तिच्या नावाने वाढला असता, तर ती कबरीतून उठून आली असती. आणि मुश्ताक तर अंडं उकडतानाही भांडं जाळायचा.

शेवटी शेजारची आराक्सी आंटी पुढे झाली. अलेप्पोहून आलेली आर्मेनियन बाई. दर शुक्रवारी ती आणि हव्वाबी मुश्ताकच्या वर्कशॉपमागे डेग चढवून लेबर कॅम्पातल्या पोरांना जेवू घालायच्या. एक शुक्रवार हिचा, एक तिचा. आंटीने सांगितलं की आमच्यातही माणसाचा चाळिसावा पाळतात, हरिसा करून. गहू, कोंबडी, मीठ, वरून लोणी. मसाला अजिबात नाही. आणि ढवळणार तू.

मीठ तिने शारजाच्या चर्चमधून, पाद्रीचा आशीर्वाद घेऊन आणलं होतं. मुश्ताकने त्यावर हळूच बिस्मिल्ला म्हटलं आणि डेगीत टाकलं. दोन्हीकडचा बंदोबस्त झाला. जमातीला सांगायची काही गरज नव्हती.

सकाळभर तो ढवळत राहिला. आंटी खुर्चीत बसून एवढंच म्हणायची, हात थांबला की हरिसा खलास. हळूहळू कोंबडीचा तंतू न् तंतू सुटून गव्हात विरघळला. मुश्ताकने चव पाहिली. तोंडात काहीच घडलं नाही. थेट हॉस्पिटलचं जेवण. हव्वाबीला शेवटी शेवटी असलंच मिळायचं, आणि ती नर्सला म्हणायची, बेटी, यापेक्षा मरण बरं. बोलली ते करून दाखवलं बाईने.

तिने कुटलेल्या मसाल्याची शेवटची बरणी त्याने वर्कशॉपच्या पान्यांच्या कपाटात दडवली होती. मरियमबीने अर्धा मागितला, तर संपला म्हणून खोटं सांगितलं. रोज झाकण उघडायचं, वास घ्यायचा, बंद करायचं. चिमूटभरही त्याने कशात घातला नव्हता.

आंटी लोणी वितळवायला आत गेली तशी त्याने बरणी आणली आणि डेगीत उपडी केली.

आंटी परतली तेव्हा हरिसा विटेच्या रंगाचा झाला होता.

"क्या डाला?"

"हव्वाका मसाला."

"कितना?"

"पूरा."

तिने दांडा हिसकावला. आता डोक्यात घालते, असं त्याला वाटलं. पण ती ढवळायला लागली. "हाथ रुका है तेरा, हमार." हमार म्हणजे गाढव, एवढं अरबी त्याला तिच्यामुळेच येत होतं.

दुपारी माणसं जमली. रत्नागिरीकर म्हणाले, हलीम बरा आहे, पण मसाला कमी. चर्चच्या बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, हव्वाची आठवण. कॅम्पातल्या पोरांनी मत न देता तिसऱ्यांदा ताटं पुढे केली.

मरियमबीने पहिला घास घेतला आणि थांबली.

"भाईजान, मसाला संपला होता ना?"

"आत्ता संपला."

तिने ताट चाटूनपुसून संपवलं. मग ताट पुढे केलं. "वाढा अजून."

सगळे गेले तेव्हा मुश्ताक उपाशीच होता आणि डेगीत फक्त खरवड उरली होती. आंटीने ती खरडून त्या रिकाम्या बरणीत भरली, झाकण लावलं, जोरजोरात हलवली आणि चमचा खुपसून त्याच्यापुढे धरली. काचेला चिकटलेला मसाल्याचा कणही राहिला नाही.

तो पायरीवर बसून बरणीतूनच खायला लागला. हव्वाबीचा हात मिरचीला नेहमीच सैल. त्याचं नाक वाहायला लागलं, मग डोळे. आंटी शेजारी बसून होती. बरणी संपल्यावर तिने विचारलं, कैसा है?

त्याने बाहीने तोंड पुसलं.

"नमक कम है."