हसल्याशिवाय मिरची तोंड उघडत नाही

मिरचीला सुरी लावायची नाही, हा आमच्या स्वयंपाकघराचा पहिला नियम. आमच्याकडे डोंगरउतारावर ज्या जाड सालीच्या हिरव्या मिरच्या होतात, त्या भारी मानी. चीर दिली की रागाने अशा कडूजहर होतात की खाणाऱ्याचं तोंड दिवसभर वाकडं. त्यांना हसवावं लागतं. हसली की मिरची देठाखाली तोंड उघडते, तेवढ्यात चीज आत सारायचं. एकदा तिने ओठ मिटले की मग खुशाल उकळत्या तेलात सोडा, आतला कण बाहेर येणार नाही.

चीज ढगांवर चरणाऱ्या शेळ्यांच्या दुधाचं. त्याच्यावर दगड ठेवला नाही तर ते सरळ छताला जाऊन चिकटतं. ते कुस्करून त्यात ठेचलेला लसूण, भरडलेले मिरे आणि मीठ घातलं की जरा जमिनीवर येतं. भरलेली मिरची पातळ पिठात बुडवून तळायची आणि गरम असतानाच खायची. पहिल्या घासाला कान गरम होतात, दुसऱ्याला नाकातून पाणी, आणि तिसऱ्याला माणूस म्हणतो, अजून एक वाढा.

मिरच्या हसवायचं काम मामंजींचं. मामंजी म्हणजे माझे सासरे. परातीत मिरच्या मांडून, परात पोटाशी धरून ते स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहायचे आणि त्यांना विनोद सांगायचे. एका अंगाला मी लसूण ठेचत बसलेली, दुसऱ्या अंगाला सासूबाई कढईपाशी, आणि परातीत नुसती खिदळाखिदळ. सासूबाईंचा हात असा झपाझप चालायचा की आपण कधी भरलो गेलो हे मिरचीलाही कळत नसे. ढगांतून शिडाच्या नावा हाकणारे नावाडी धक्क्याला नाव बांधायचे आणि शिडं उतरवायच्या आधी आमच्या खाणावळीत घुसायचे.

गेल्या हिवाळ्यात मामंजी गेले. त्यानंतर एक मिरची हसली असेल तर शपथ.

आता आमच्या सासूबाईंबद्दल. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवसापासून आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मी पूर्व म्हटलं की त्या पश्चिम. मी पातेलं उपडं ठेवलं की त्या ते उताणं ठेवणार. मी फटकळ, आणि त्या माझ्यापेक्षा सवाई. पण मामंजी गेल्यापासून बाई मिटल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात. मागच्या दाराच्या पायरीवर बसायचं, समोर नावा येताना-जाताना बघायच्या. मी एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर पातेली आपटली. म्हटलं, आता तरी चार शब्द सुनावतील. तर म्हणाल्या, "राहू दे गं, तुला जसं जमेल तसं कर."

जसं जमेल तसं! एवढं चांगलं त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या.

मग नणंद आली. ती लांब, वरच्या बेटावर राहते. आईचा चेहरा बघून म्हणाली, "चल माझ्याकडे, हवापालट होईल." सासूबाईंनी मान डोलावली. मी विचारलं, "कधी परत येणार?" तर म्हणाल्या, "परत येऊन करू काय? इथे आता माझं काय काम? हसवणारा गेला, आता भरायचं काय?" नणंद पुढे गेली, आणि सासूबाईंनी ट्रंक बांधायला घेतली.

आमचे हे शिडं शिवतात. माणूस देवगुणी, पण सुईत दोरा ओवायलाही आधी परवानगी मागतील असे. मी म्हटलं, "अहो, तुमची आई निघालीय. थांबवा." ते म्हणाले, "तूच सांग ना, राहा म्हणून." मी? इतकी वर्षं जिच्याशी उठताबसता भांडले तिला कोणत्या तोंडाने सांगू, राहा म्हणून? ऐन वेळी माझी ही एवढी लांब जीभ टाळ्याला चिकटते.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी ठरवलं. मिरच्या करायच्या. काहीही होवो, एक मिरची हसलीच पाहिजे. म्हटलं, खिदळणं कानावर पडलं की सासूबाई पायरीवरून उठतील, आणि एकदा हात चीजला लागला की बाई जायच्या नाहीत. मिरच्या नाही हसल्या, तर सकाळची नाव सासूबाईंना घेऊन जाईल आणि मग घरात मी, हे आणि ती मेली शांतता.

खाणावळ लवकर बंद केली. परातीत मिरच्या मांडल्या, परात ह्यांच्या हातात दिली. म्हटलं, "सांगा विनोद. बाप तुमचा होता, थोडंतरी उतरलं असेल रक्तात."

ह्यांनी घसा खाकरला. "एक ढग दुसऱ्या ढगाला म्हणतो, आज फार भरून आलंय बघ. दुसरा म्हणतो, मग जरा मोकळा हो."

परात गप्प. एका मिरचीने तोंड उघडलं. मी धावत जाऊन चीज सारलं, तर बया जांभई देत होती. चीज थुंकलं, ते तरंगत गेलं आणि दिव्याला चिकटलं.

"दुसरा सांगा," मी म्हटलं.

"एकच येतो," हे म्हणाले.

कपाळ माझं! मग मी स्वतः पदर खोचला. नकला केल्या. मांजर होऊन दाखवलं. लंगडणाऱ्या नावाड्याची चाल करून दाखवली. गुदगुल्यासुद्धा करून बघितल्या. मिरच्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू त्यांच्याकडून मी उसने कपडे मागायला आलेय. शेवटी माझा तोल सुटला. "अगं भवान्यांनो, हसायला काय दात लागतात? मामंजींच्या फुटकळ विनोदांवर लोळत होता ना? मग आता काय तोंडाला कुलूप लागलंय?"

"ओरडल्यावर कोणी हसतं का?" पायरीवरून आवाज आला.

मी गर्रकन वळले. सासूबाई तिथेच बसल्या होत्या, पण मान आत वळली होती.

"मग तुम्ही या, हसवा," मी म्हटलं.

"मी कशाला? ते बघ आधी, चीज छताला लागलंय. दगड ठेवला नव्हतास ना?"

बघितलं तर खरंच, अख्खा गोळा वर. "ठेवला होता!"

"ठेवला होता म्हणे! तो काय दगड? तो खडा. इतकी वर्षं सांगतेय, मोठा धोंडा ठेव."

"मोठा धोंडा ठेवला की चीजचा पापड होतो, हे मीही इतकी वर्षं सांगतेय!"

सासूबाई उठल्या. उठल्या म्हणजे तरातरा आत आल्या आणि कढईपाशी उभ्या राहिल्या. काठीने गोळा खाली ओढला, बोटाला लावून चाखला आणि तोंड वाकडं केलं. "हा लसूण ठेचलाय की नुसता घाबरवलाय?"

"मग द्यायचा होता ठेचून! महिनोन् महिने पायरीवर बसून काय नावा मोजत होतात?"

"मी बसेन नाहीतर उभी राहीन. उद्या जातेच आहे, तुला मोकळं रान."

"कोणी मागितलंय मोकळं रान? तुम्ही गेलात तर मी कोणाशी भांडू? ह्यांच्याशी? ह्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं! घर कसं खायला उठतं माहितेय का? मला करमत नाही तुमच्याशिवाय, आई! तुम्ही गेलात तर मला टोमणे कोण मारणार?"

बोलून गेले आणि माझेच डोळे भरले. सासूबाईंनी पदराचं टोक नाकाला लावलं. पण हार मानतील तर त्या सासूबाई कसल्या!

"टोमण्यांसाठी ठेवून घेतेस होय मला?"

"मग काय रूपासाठी?"

फिस्स, असा आवाज आला. मग खुदकन. मग परातभर एकच हशा! मिरच्या एकमेकींवर लोळत होत्या. देठ हलत होते, तोंडं सताड उघडी. मधोमध आमचे हे, परात पोटाशी धरून, घाबरून एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघत.

"बघतेस काय? भर!" सासूबाई ओरडल्या.

दोघी तुटून पडलो. त्या भरत होत्या, मी भरत होते. हशा जरा ओसरला की त्या म्हणायच्या, "तुझ्या हातात काय जोर नाही का?" मी म्हणायची, "तुमच्या डोळ्यांना दिसत नाही का?" की पुन्हा परात उसळायची. एकसुद्धा मिरची रिकामी राहिली नाही.

पहिला घाणा कढईत सोडला आणि सासूबाई एकदम थांबल्या. ह्यांच्याकडे बघायला लागल्या. हे अजून तिथेच, परात धरून, आमच्या दोघींच्या बरोब्बर मधे.

"अगदी बापासारखा उभा आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी झारा खाली ठेवला. "सूनबाई, तुझ्या मामंजींचा एखादा विनोद आठवतो का गं तुला? चांगला?"

मी आठवून बघितलं. एकही आठवेना. आठवलं ते वेगळंच. मिरच्या मांडून झाल्या की मामंजी म्हणायचे, "सूनबाई, ही म्हणते लसूण जाड राहिलाय." आणि लगेच तिकडे वळून, "अगं, सूनबाई म्हणते तेल थंड आहे." मग आमची जुंपायची.

"आई, मी कधीच म्हटलं नव्हतं तेल थंड आहे म्हणून."

"आणि मी कुठे लसणाबद्दल बोलले होते?"

दोघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला.

"म्हणजे मेला काड्या करायचा!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "जन्मभर विनोदी म्हणून मिरवला, आणि मिरच्या हसत होत्या आपल्याला!"

त्या हसायला लागल्या. मामंजी गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडायला लागल्या, मग मीही. ह्यांनी परात ठेवली आणि कढईतल्या मिरच्या काढल्या, नाहीतर त्या दिवशी पहिला घाणा करपलाच असता. तिघांनी तिथेच, कढईभोवती उभं राहून खाल्ल्या. कान गरम झाले, नाकं वाहायला लागली. आता कोण रडतंय आणि कोणाला तिखट लागलंय, हे विचारायची सोय राहिली नाही.

त्या थांबणार की जाणार, हे मात्र कोणी विचारलं नाही. ट्रंक दारात तशीच होती.

सकाळी नाव आली. नावाड्याने धक्क्यावरून हाक मारली. एवढ्यात सासूबाईंनी एक डबा माझ्या हातात कोंबला, फडक्यात बांधलेला, गरम. "हा माझ्या लेकीला पोचवायला सांग. म्हणावं, आईची हवा पालटली."

मी डबा नावाड्याला दिला. त्याने ट्रंकेकडे बोट दाखवलं. "आणि आजी?"

आतून आवाज आला, "त्याला सांग, मला वेळ नाही. कालचं भांडण अर्धं राहिलंय."

मी सांगितलं. मग आत गेले, ट्रंक पायाने पलंगाखाली ढकलली, आणि चीजमध्ये मुद्दाम मूठभर मीठ जास्त टाकलं.