उत्तरं नसलेला प्रश्नसंग्रह

मी एक जुना प्रश्नसंग्रह आहे. गणिताचा. शाळा संपताना जी मोठी प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी करणाऱ्या मुलांसाठी मला छापलं होतं. मी गोष्टींचं पुस्तक नाही, त्यामुळे मला रंगवून सांगता येत नाही. जे झालं ते, जसं झालं तसं सांगतो.

मित्रांनो, छापखान्यातून माझे मोठाले कागद बाहेर पडले, त्यांना घड्या घातल्या, शिवलं, पाठीला सरस लावला आणि तिन्ही कडा कापून मला सरळ केलं. तेव्हा मी जाड आणि कडक होतो. उघडला की कुरकुरायचो. पुस्तकांच्या दुकानात मला रंगीत मुखपृष्ठांच्या मार्गदर्शकांमागे ठेवलं होतं. तिथून एका आईने मला बाहेर काढलं. तिच्याबरोबर तिची मुलगी होती. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गोल होती म्हणून घरात सगळे तिला ठकी म्हणायचे. आता ती उंच आणि बारीक झाली होती, तरी नाव तेच राहिलं होतं.

"हे जरा अवघड आहे ताई," दुकानदार म्हणाला. "याच्यापेक्षा सोपं देऊ का? ते चांगलं खपतं."

"खपतं म्हणजे मुलं ते सोडवतात का?" आईने विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. नेतात खरं."

आई हसली आणि तिने मलाच घेतलं.

घर दोन खोल्यांचं. खिडकीजवळ एक टेबल होतं. त्यावरच कपड्यांना इस्त्री व्हायची आणि त्यावरच अभ्यास. टेबलाखाली बाबांच्या हत्यारांची पिशवी असायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई बस स्थानकावर तिकीट खिडकीत बसायची. तिने मला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, कोपरे नीट दुमडले आणि वर ठकीकडून विषयाचं नाव लिहून घेतलं.

ठकी हुशार होती, पण तिला एक खोड होती. गणित अडलं की ती हळूच माझी शेवटची पानं उघडायची. तिथे उत्तरं होती. उत्तर बघायचं आणि मग ते येईपर्यंत आकडे इकडून तिकडे ढकलायचे. आईच्या हे लक्षात आलं. दिवसभर लोकांची सुट्ट्या पैशांची कारणं ऐकणाऱ्या बाईपासून काय लपणार? तिने पट्टी ठेवून ब्लेडने माझी ती पानं कापून घेतली आणि स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीच्या वर, भिंतीतल्या एका खिळ्याला चिमट्याने लटकवून दिली.

"उत्तर हवं असेल तर माझ्याकडे यायचं," ती म्हणाली. "खिडकी संध्याकाळी उघडते."

मग रोज संध्याकाळी ठकी मला घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. आई भाजी चिरता चिरता तेलकट बोटांनी कागद उलटायची. तिला त्यातलं काही येत नव्हतं. वर्गमूळाच्या चिन्हाला ती छप्पर म्हणायची.

"छपराखाली सात, भागिले दोन," ठकी सांगायची.

"छपराखाली सात, खाली दोन. बरोबर. पुढचे."

"वजा तीन."

"पुन्हा कर."

"आई, वजाच आहे."

"इथे वजा नाही. पुन्हा कर. मागे रांग लागलीय."

ती कधी आवाज चढवत नसे. ठकी तोंड वाकडं करायची आणि पुन्हा करायची. मला वाटतं, माझी चांगली वर्षं कुठली असं कुणी विचारलं, तर ती तेवढीच होती. वर्षंसुद्धा नव्हती ती, काही महिने होते.

एका दुपारी तिकीट खिडकीत बसल्या बसल्या आईला घेरी आली. सहकाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं. बाबा पोचले तेव्हा उशीर झाला होता.

घरात बरीच माणसं येऊन गेली. टेबलावर कुणी कुणी पाण्याचे पेले ठेवले. एक माझ्या कव्हरवरही ठेवला. त्याची गोल खूण उठली. मला तेव्हा काय वाटलं असं विचाराल, तर काहीच नाही. ठकीलाही काही वाटत नसावं, असं तिच्याकडे बघून वाटायचं. ती रडली नाही. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची, आणि थोड्या दिवसांनी माझ्यासमोर येऊन बसली.

मावशी राहायला आली होती. ती म्हणायची, "आईसाठी तरी पास हो गं." शेजारचे काका म्हणायचे, "पोरगी धीराची आहे." शिकवणीच्या सरांनी इतर मुलांना सांगितलं, "अशी एकाग्रता हवी. घरात एवढं झालं, पण हिने एक दिवस चुकवला नाही."

खरं काय होतं ते मी सांगतो. ती रोज बसायची, पण मला उलटत नव्हती. एकच प्रश्न वहीत उतरवायची, त्याखाली रेघ मारायची आणि पुन्हा तोच उतरवायची. खिडकीतून ऊन यायचं आणि उघड्या पानावरून सरकत भिंतीकडे जायचं. ते एक पान बाकीच्यांपेक्षा पिवळं झालं. कधी गणित सोडवलंच, तर उत्तराखाली चौकट करून ती पुढे जायची. बरोबर आहे की चूक, हे बघायला स्वयंपाकघरात जायची नाही. कागद तिथेच होते. बाबा चहा करताना मिठाच्या बरणीला वळसा घालून साखरेचा डबा काढायचे. मावशीने एकदा ते कागद उतरवायला हात लावला, तर बाबा म्हणाले, "असू दे." मग मावशीही तिच्या घरी गेली.

परीक्षा जवळ आली. एका रविवारी सकाळी बाबांनी चिमट्यातून कागद काढले आणि टेबलाजवळ खुर्ची ओढून बसले.

"सांग," ते म्हणाले.

"काय?"

"उत्तरं. तुझी आई घ्यायची तशी."

ठकीने वही उघडली. पहिलं उत्तर सांगितलं. "बरोबर," बाबा म्हणाले. दुसरं सांगितलं. "बरोबर." असं बराच वेळ चाललं. ती एका सुरात सांगत होती, ते एका सुरात बरोबर म्हणत होते. मग ती थांबली. वहीत न बघताच म्हणाली, "एक हजार."

"बरोबर."

"बाबा, तुम्ही बघतच नाही आहात."

बाबा कागदाकडेच बघत होते. कडेला आईच्या अंगठ्याचा तेलकट ठसा होता, त्याच्याकडे. ते म्हणाले, "बघितलं. मघापासून बरीच चुकली आहेत."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला पुन्हा कर कसं म्हणू? रोज तर बसतेस. सगळे म्हणतात, किती करते पोरगी."

"मी काही करत नाही बाबा," ठकी म्हणाली. "नुसती बसते. कुणाला कळतच नाही."

बाबांनी कागद मांडीवर ठेवले. लिफ्ट मधेच अडकली की आतल्या माणसांशी ते ज्या आवाजात बोलत असतील, त्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग काय करू मी?"

"पुन्हा कर म्हणा."

बाबा खाकरले. "पुन्हा कर," ते म्हणाले.

ठकीने डोकं माझ्यावर टेकलं आणि ती रडली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बाबा खुर्चीतून उठले नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. माझी काही पानं भिजून फुगली. तिथे मी अजूनही नीट मिटत नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. काही दिवस ती गणितं करायची, काही दिवस दोघं नुसते बसायचे. बाबा छपराचं चिन्ह ओळखायला शिकले. पुन्हा कर म्हणायलाही शिकले, फक्त म्हणण्याआधी खाकरायचे, त्यामुळे चुकलंय हे तिला आधीच कळायचं. ती म्हणायची, "बाबा, निदान खाकरू तरी नका." आणि दोघं थोडं हसायचे.

परीक्षा झाली. यादीत ठकीचा क्रमांक बराच खाली आला. दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला, तिने मनात धरला होता तो विषय नाही, दुसराच. ती गेली. जाताना तिने मला नेलं नाही. ते चिमट्यातले कागद मात्र नेले, कपड्यांच्या घडीत ठेवून.

बाबांनी मला सार्वजनिक अभ्यासिकेत दिलं. तिथे मुलं मला उघडायची, शेवटी बघायची आणि म्हणायची, "अरे, याला उत्तरंच नाहीत," मग परत ठेवायची. मग एका टेबलाचा पाय आखूड निघाला. अभ्यासिका सांभाळणाऱ्या बाईंनी इकडे तिकडे बघितलं आणि मला त्याखाली सरकवलं. माझी जाडी बेताची बसली. मला वाईट वाटलं का? फारसं नाही. टेबल हलत नव्हतं एवढं खरं.

परवा अभ्यासिकेच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि ती दुरुस्त करायला बाबाच आले. पाणी प्यायला आत आले. केस पांढरे झालेत त्यांचे. माझ्या टेबलाशी एक चष्मेवाला मुलगा सकाळपासून मान खाली घालून बसला होता. सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात अभ्यास. हूं की चूं नाही."

बाबांनी पेला खाली ठेवला. "काय रे, जमतंय का?"

मुलाने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. सकाळपासून त्याने तो वापरलाच नव्हता. दुसऱ्यांदा म्हणाला, "नाही काका. कालपासून इथेच अडलंय."

"कुणाला विचारलंस?"

"कुणाला विचारणार? सगळे आपापलं करतायत."

बाबांनी खुर्ची ओढली. "मला यातलं कळत नाही. पण तू बोलून दाखव, मी ऐकतो. सामान यायला वेळ आहे."

मुलगा सांगू लागला. अर्ध्यावर थांबला, रबर घेऊन एक ओळ खोडली आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागला. बाबा मान हलवत राहिले. खाली आपल्या बुटाशी मी आहे, हे त्यांना कळलं नाही.

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी दुसरं मागतो. तुमच्या घरी किंवा वर्गात कुणी फारच शांतपणे अभ्यासाला बसलं असेल, तर त्या शांतपणाचं कौतुक करून निघून जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा. आणि जमलंच, तर या टेबलाच्या पायाखाली लाकडाचा एखादा तुकडा घाला. माझ्यातली बरीच गणितं अजून कुणी सोडवलेली नाहीत.