भिंगरी छान जेवते

“तुमची कंबर जाग्यावर आहे तोवर हिला चार दिवस परक्या हातांची सवय लावा,” असं भिंगरीचे व्यायाम घेणाऱ्या ताईंनी तिच्या आईला बजावून सांगितलं होतं. “तुम्ही आडव्या झाल्यावर धावाधाव करायला घरात उभं कोण असणार आहे?”

आई हसण्यावारी नेत म्हणाली होती, “आईला रजा असते का हो ताई? असेल तर बोनसपण मागून घेते!” आणि मुलीला कडेवर घेऊन जिना चढून गेली होती.

पोटात असताना फार फिरायची म्हणून बापाने लाडाने भिंगरी म्हटलं, ते नाव चिकटलं. जन्मल्यावर मात्र हात-पाय तिचं ऐकेनात. मान सावरत नाही, शब्द फुटत नाही, घास गिळताना घशाचा ताल चुकतो. समजतं मात्र सगळं. कोण चिडलंय, कोण खोटं हसतंय, हे तिला आईच्या आधी कळतं.

अशा वाढत्या मुलीला रोज उचलून उचलून आईच्या पोटाचा पडदा फाटला. बेंबीशेजारी लिंबाएवढा फुगवटा आला. डॉक्टरांनी तो दाबून पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. “ऑपरेशन आता टाळता येणार नाही. नंतरही बरेच दिवस पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आतडं त्यात अडकलं, तर जिवावर बेतेल.”

आता भिंगरीला उचलणार कोण? नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, मालक रजा देईना. नणंद धावून आली, पण तिने आधीच हात जोडले. “वहिनी, धुणंभांडी सांगा, बाजार सांगा. घास भरवायचं तेवढं सांगू नका. तिला ठसका लागला की माझेच हातपाय गळतात.”

राहता राहिलं गावाबाहेरचं विसावा केंद्र. घरच्यांचं अडलं की अशा मुलांना ते काही आठवडे ठेवून घेत. पण तिथे खाटा मोजक्या, आणि रुग्णालयातल्या समाजसेविका बाईंच्या शिफारशीशिवाय दार उघडत नसे. त्या आधी घरी येऊन बघून जात.

बाई येणार म्हटल्यावर भिंगरीच्या आईने सकाळपासून घर आवरायला घेतलं. नणंदेला बाजारात धाडलं, फरशी पुसली. लाळेची फडकी, ओले अभ्रे, औषधांच्या बाटल्या सगळं कपाटात कोंबलं. पोटावर पट्टा आवळून भिंगरीला अंघोळ घातली, नवा फ्रॉक चढवला.

बाई आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या. “जेवणखाण कसं आहे हिचं?”

“छान जेवते.”

“रात्री झोप?”

“झोपते की.”

“आपण बोलतो ते समजतं?”

“सगळं! रंगसुद्धा ओळखते. भिंगरी, पिवळं कुठंय? दाखव बाईंना.”

भिंगरीने डोळे फिरवून पिवळ्या उशीवर नेले आणि विजयी वीरासारखी हसली.

“अरे वा! भारीच हुशार आहे की!”

आईची छाती फुगली. किती शाळांनी या मुलीला दारातून परत पाठवलं होतं. त्या उंबरठ्यांवर आई एक गोष्ट शिकली होती. येतं ते आधी सांगायचं, येत नाही ते कोणी खोदून विचारल्याशिवाय काढायचं नाही. जिभेला तेच वळण पडलं होतं.

बाई फाईल मिटून उठल्या. “खरं सांगू? तुमच्याकडे सगळं फार नीट चाललंय. शिफारस करते मी. पण ज्यांचं अगदीच अडलंय त्यांचा नंबर आधी लागतो. तुमचं होईल दोन-तीन महिन्यांत.”

आईच्या पायाखालची फरशी सरकली. आपण हे काय करून बसलो?

“थांबा बाई! तसं नाहीये. म्हणजे हुशार आहेच ती, पण...”

तिने भिंगरीकडे पाहिलं. पिवळ्या रंगाची शाबासकी अजून त्या चेहऱ्यावर होती. हिच्या देखत काय सांगायचं? की तू मला आता पेलवत नाहीस?

“आपण बाहेर जिन्यात बोलू या का?”

“आणि हिला एकटीला सोडायचं?”

“एकटीला सोडताच येत नाही. तेच तर सांगायचंय!” आईचा आवाज चिरकला. “बाई, हिचं जेवण व्हायचंय. तेवढं बघून जा. पाया पडते.”

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि त्या परत बसल्या.

आईने भिंगरीला उचलून जेवायच्या खुर्चीत ठेवलं. एरवी उचलताना पोटात कळ आली की आई तोंड भिंतीकडे फिरवायची. आज फिरवलं नाही. मानेमागे हात, हनुवटी किंचित खाली, चमचा खालच्या ओठाला, मग वाट बघायची. एक घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ताल चुकला.

भिंगरीचे डोळे मोठे झाले. खोकला आला, आणि मग आवाजच बंद झाला. ओठ काळवंडले. तिला पुढे वाकवायला आई वाकली आणि पोटात सुरी फिरल्यासारखी खाली गुडघ्यांवर कोसळली.

“बाई, पुढे वाकवा तिला! खुर्चीचा पट्टा सोडा! छातीला हात लावा! अजून, अजून वाकवा!”

बाईंनी वाकवलं. घास बाईंच्या कपड्यांवर पडला. भिंगरीने घरघरत श्वास ओढला, आणि रंग परत यायला लागला.

बाईंनी कपडे न पुसताच विचारलं, “हे... नेहमी होतं?”

“दिवसाआड. रात्री झोपेत लाळ अडकते ते वेगळं.”

“अहो, मग मघाशी छान जेवते का म्हणालात?”

“छानच जेवते,” आई जमिनीवरूनच म्हणाली, “मी असले की.”

मग तिने सगळं ओकून टाकलं. रात्रीचं कुशीवर वळवणं, फिट, अंघोळीच्या पाटावरून निसटणं. “आता माझ्याने उचलवत नाही हो बाई.” भिंगरीचा खालचा ओठ पुढे आला. आईने सरपटत जाऊन तिचे पाय धरले. “तू जड नाहीस गं राणी. मीच फाटले.”

बाईंनी फाईल पुन्हा उघडली. आधीचं सगळं खोडलं, नव्याने लिहिलं, आणि तिथूनच केंद्रात फोन लावला. बराच वेळ हुज्जत घातली. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “आज एकही खाट नाही. पहिली रिकामी होईल ती हिची. कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. मधे तुम्हाला उलट्या झाल्या, पोट दगडासारखं लागलं, तर माझी वाट बघू नका. हिला घ्या आणि सरळ रुग्णालयात या.”

“घ्या म्हणजे? उचलू कशी?”



केंद्राचा फोन अजून आलेला नाही. भिंगरीची आई सकाळी पट्टा आवळते, फुगवटा आत ढकलते आणि मुलीला उचलते. नणंद दारात उभी राहून बघते आणि रडते.

तुमच्याही जिन्यात असं एक दार असेल. घर लख्ख, मूल नीटनेटकं, आणि विचारलं की आतून उत्तर येतं, “छान चाललंय.” त्या उत्तरावर माघारी फिरू नका. आजच जा. जेवणाच्या वेळी जा, आणि शेवटचा घास गिळून होईपर्यंत तिथे थांबा.